वापरलेले कपडे परदेशी गरजूंना द्यायचे तर : खोकी, पेटी की दुकान?

मुलांना आखूड झालेले कोट, घरून काम सुरू झाल्यापासून अंगाला न लागलेले शर्ट आणि ‘कधीतरी बारीक होऊ’ म्हणून राखलेल्या जीन्स. इंग्लंडातल्या बहुतेक मराठी घरांत जिन्याखालच्या कपाटात अशी एक पिशवी फुगत असते. तिचा उपयोग परदेशातल्या गरजूंना व्हावा असं वाटत असेल, तर इथे साधारण तीन वाटा आहेत. युद्ध किंवा भूकंप झाला की सुरू होणाऱ्या संकलनात खोकी भरून द्यायची, सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या, जुन्या कपड्यांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकायचं, नाहीतर हाय स्ट्रीटवरच्या चॅरिटी शॉपमध्ये नेऊन द्यायचं. भारतात जाताना बॅगेतून नेणं मी धरत नाही. जाडजूड पार्का सांगलीत कुणाच्या गळ्यात मारणार? पार्सल करावं म्हटलं, तर वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर तिकडे निर्बंध आहेत.

मनाला सगळ्यात भिडते ती खोक्यांची वाट, हे कबूल. मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी आमच्या भागातल्या हॉलमध्ये संकलन सुरू झालं तेव्हा मी संध्याकाळी तिथे मदतीला जात असे. माझं मत फिरलं ते तिथेच, आणि कारण अगदी क्षुल्लक वाटेल : वर्गवारी. लोक काळ्या पिशव्या आणून ठेवायचे, दोन शब्द बोलायचे आणि जायचे. पुढे प्रत्येक पिशवी उपडी करायची, खिसे चाचपायचे, चेन वरखाली करून बघायची, बायकांचं-पुरुषांचं-मुलांचं वेगळं करायचं, माप बघायचं, मग खोक्यावर लिहायचं. एका जाड जॅकेटची चेन तळाशीच अडकलेली. आम्ही दोघांनी साबण लावून पाहिला, पक्कड लावून पाहिली, शेवटी ते बाजूला टाकलं. थंडीत जॅकेट मिटतच नसेल तर ते कुणाच्या काय कामाचं? तेवढ्या वेळात दारात आणखी ढीग झाला होता. त्यात उन्हाळी फ्रॉक होते, उंच टाचांचा एकच बूट होता, आणि न धुतलेलं काय काय होतं ते इथे लिहीत नाही. ब्रेक्झिटनंतर पोलंडमार्गे जाणाऱ्या मालाला कस्टम्सचे कागद लागतात, त्यामुळे ‘मिक्स्ड’ लिहिलेली खोकी गाडीवाल्याने नेलीच नाहीत. ती हॉलमध्येच राहिली आणि हॉलवाल्यांची कुरकुर आम्ही ऐकली.

हे आमच्याकडेच झालं असं नाही. त्या दिवसांत देशभरातल्या कितीतरी पोलिश क्लबांनी ‘आता कपडे पुरे’ असे फलक लावले होते. २००४ च्या सुनामीनंतर नागपट्टिनमच्या रस्त्यांच्या कडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीगही आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील. संकलन करणाऱ्यांनी नेमकी यादी दिली असेल, थर्मल, मोजे, अमुक मापाचे कोट, आणि तुम्ही तेवढंच, धुऊन, माप लिहून देणार असाल, तर खुशाल द्या. एरवी आपण मदत कमी आणि काम जास्त पाठवतो, असं माझं मत झालं आहे.

पेटीचं सुख वेगळंच. रात्री अकरालाही झाकण ओढा, पिशवी टाका, मोकळे व्हा. पेटीवरच्या हसऱ्या मुलाच्या चित्राकडे मात्र फार बघू नका. यातले बरेच कपडे फुकट वाटले जात नाहीत, वजनावर विकले जातात, आणि यात लपवाछपवी आहे असंही मला म्हणायचं नाही. घानाच्या राजधानीत, अक्रात, कांतामांतो नावाचा प्रचंड बाजार याच मालावर चालतो. तिथे काम करणाऱ्या ‘द ऑर फाउंडेशन’च्या अंदाजानुसार आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात आणि गठ्ठ्यातला ४० टक्के माल कचऱ्यात जातो. हजारो लोकांचं पोट त्यावर आहे. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत बाजाराचा मोठा भाग जळाला तेव्हा ते जगाला दिसलं.

मला खटकतं ते एवढंच, की तिथली विक्रेती साधारण ५५ किलोचा गठ्ठा न उघडता, आधी पैसे मोजून घेते. आपल्याकडची बोहारीण बरी. साडी उजेडात धरून, काठ ओढून बघितल्याशिवाय पातेलं हातातून सोडत नाही. तिथे गठ्ठ्यातून आपली फाटकी लेगिंग निघाली तर भुर्दंड त्या बाईला. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी हा माल हळूहळू बंद करायचं २०१६ मध्ये ठरवलं होतं. अमेरिकेने व्यापारी सवलती काढण्याचा धाक घातला, बाकीचे मागे हटले, रवांडा ठाम राहिला आणि २०१८ मध्ये त्याच्या तयार कपड्यांना अमेरिकेत मिळणारी सवलत गेली.

राहिलं दुकान. ऑक्सफॅम, ब्रिटिश रेड क्रॉस अशांची दुकानं बऱ्याच गावांत आहेत. तुमचा कपडा इथेच विकला जातो आणि परदेशात जातो तो पैसा. त्यात तुम्ही इथे पुरेसा कर भरत असाल तर गिफ्ट एड या सरकारी योजनेचा एक फॉर्म भरून ठेवायचा, पिशवीवर तुमच्या नावाचा बारकोड लावायचा. विक्रीच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्तीचे मिळतात, आणि तुमच्या वस्तूंचे किती आले ते संस्था नंतर तुम्हाला कळवते. माझा आकडा काही मिरवण्यासारखा नसतो, पण निदान आकडा असतो.

तरी हे अगदी सोवळं नाही. दुकानात न खपलेला माल चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि त्यातलाही काही अक्रालाच पोचत असणार. शिवाय कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर आपला कोट गेल्याचं समाधान इथे मिळत नाही. ते ज्यांना हवंच आहे त्यांना माझं म्हणणं कोरडं वाटेल, आणि मी वाद घालणार नाही.

ठरलंच दुकानाचं, तर चेन लावून बघा, बटणं मोजा. फाटकं-विटकं वेगळ्या पिशवीत घालून त्यावर ‘रॅग’ लिहा. सगळी दुकानं ते घेत नाहीत, म्हणून काउंटरवर आधी विचारा. आणि बंद दुकानाच्या दारात रविवारी रात्री पिशवी ठेवून येऊ नका. सकाळपर्यंत ती पावसात भिजलेली असते, आणि ओला माल कुणीच घेत नाही.