लेर्नू डॉट नेटवर एस्पेरांतो शिकले, त्याचा अनुभव

गेले तीन महिने मुलीला झोपवलं की रोज अर्धा तास लेर्नू डॉट नेट या एस्पेरांतो शिकवणाऱ्या साइटवर बसत होते, परवा 26 वा धडा संपला म्हणून लिहितेय. साइट फुकट आहे, अकाउंट उघडलं की झालं सुरू. धडे म्हणजे एक गोष्टच आहे, पुढे पुढे जाते, त्यामुळे कंटाळा येत नाही. लेर्नू या शब्दाचा अर्थच "शिका".

एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली भाषा, झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बनवली. ते लहानपणी बियालिस्तोकला होते, तिथे रशियन, पोलिश, जर्मन, यिडिश बोलणारे शेजारी शेजारी राहायचे पण एकमेकांशी पटायचं नाही. 1887 ला त्यांनी वॉर्सामध्ये छोटंसं पुस्तक छापलं. त्यांची कल्पना अशी, घरात ज्याची त्याची भाषा तशीच ठेवायची, परक्या माणसाशी बोलताना मात्र दोघांनीही ही शिकलेली भाषा बोलायची, म्हणजे कोणी कोणाच्या दारात उभं नाही. मला हे आतून पटलं, कारण ऑफिसच्या कॉलवर समोरच्याची इंग्रजी जन्माची असते आणि माझी पाचवीपासूनची, मुद्दा बरोबर असतो पण शब्द सापडेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आपले विनोबासुद्धा ही भाषा शिकले होते.

आता सोपी किती? मूळ नियम 16. लिहिलंय तसंच वाचायचं, आपल्याला देवनागरीमुळे ती सवय आहेच. "मी" ला चक्क "मी" म्हणतात! आणि मराठीत मी गेले, तू गेलास, तो गेला, ते गेले असं सगळं बदलत जातं, इथे सगळ्यांना एकच "ईरिस". नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ, एवढं कळलं की अर्धं वाक्य उलगडतं. निर्जीव वस्तूंना लिंग नाही, म्हणजे तो टेबल की ते टेबल हा वाद नाही.

आकड्यांपाशी तर मी थांबलेच. तेवीस म्हणजे "दुदेक त्री", दोन-दहा तीन. 2019 ला बालभारतीने दुसरीच्या गणितात तेवीसला "वीस तीन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना? माझी मुलगी अजून एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अडकते, तिला मी एस्पेरांतोतले आकडे गंमत म्हणून सांगितले तर एका संध्याकाळीत नव्व्याण्णवपर्यंत म्हणाली.

ज्याची सगळे तक्रार करतात तो कर्माचा "न" प्रत्यय मला अजिबात जड गेला नाही. "ला हुन्दो मोर्दास ला कातोन" म्हणजे कुत्रा मांजराला चावतो, शब्द उलटेसुलटे केले तरी चावणारा कुत्राच, मराठीत "मांजराला"मधला "ला" हेच काम करतो की (एस्पेरांतोतला सुटा "ला" वेगळा, तो इंग्रजीतल्या "द"सारखा). इंग्रजीतून विचार करू नका, मराठीतून करा, पटकन बसतं.

खटकलेलं पण सांगते. शब्दांची मुळं बहुतेक युरोपातल्या भाषांमधली, आपल्याकडच्या माणसाला शब्द पाठच करावे लागतात. आई म्हणजे "पात्रीनो", वडिलांच्या "पात्रो"ला शेपूट लावून केलेली, हे मला आवडलं नाही. आणि विरुद्धार्थी करायला सगळीकडे "माल", हॉस्पिटल म्हणजे "मालसानुलेयो", तोडून पाहिलं तर न-निरोगी-माणसांची-जागा, पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळते पण एकदा तोडता आलं की असे शब्द आपले आपण बनवता येतात. टोपीवाली अक्षरं (ĉ, ŝ अशी, डोक्यावर खूण असलेली) टाइप करायची भीती नको, साध्या अक्षरापुढे एक्स दाबला की साइट स्वतःच टोपी घालते.

मी साइटवरचे धडे इंग्रजीतून केले. सुरुवात करणार असाल तर पहिल्या धड्यापासून ऑडिओसोबत मोठ्याने वाचा, जोर नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो, तेवढं सांभाळलं की उच्चार आपोआप बसतात.