दुरून विकत घेतलेली जुनी बोट आणि तिचा ट्रेलर : हंगामभराच्या वापरानंतर

दूरच्या विक्रेत्याकडून जुनी बोट घेऊन ती रस्त्याने आणण्याविषयीचे बहुतेक अनुभव बोट पोहोचली त्याच आठवड्यात लिहिले जातात. मी हा अनुभव मुद्दाम उशिरा लिहीत आहे, कारण वाहतूक नीट झाली की नाही याची खरी उत्तरे बोट काही महिने पाण्यात वापरल्यावरच मिळतात. बोट सुमारे सहा मीटर लांबीची, फायबरग्लासची आणि एका आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरच्या बाजूला टांगलेल्या, इंजिनाची आहे. सोबत दोन आसांचा, जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी ट्रेलर मिळाला. बोटीबद्दल मी समाधानी आहे. ट्रेलरबद्दलचे मत तितके सरळ नाही आणि या लेखातला बराचसा भाग त्यालाच द्यावा लागणार आहे. विक्रेता छायाचित्रे बोटीची पाठवतो, खरेदीदार प्रश्न इंजिनाचे विचारतो, आणि सगळा भार ज्याच्यावर शेकडो किलोमीटर राहणार असतो त्याची बोळवण जाहिरातीत ‘सोबत ट्रेलर’ एवढ्या दोन शब्दांत झालेली असते.

बोट पाण्यातून चालवत आणण्याचा मार्ग मी आधीच बाद केला होता. जुन्या इंधनटाकीच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या मोठ्या लाटांत ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबवतो. अनोळखी इंजिन घेऊन किनाऱ्यापासून दूर असताना हे घडावे, अशी माझी इच्छा नव्हती. व्यावसायिक वाहतूकदारांकडे चौकशी केली तेव्हा लक्षात आले की दर सांगणाऱ्यांपैकी कित्येक जण वाहन बाळगतच नाहीत. ते मध्यस्थ असतात आणि काम पुढे दुसऱ्याला देतात. यात गैर काही नाही. मात्र विम्याचे प्रमाणपत्र प्रत्यक्ष बोट नेणाऱ्याच्या नावाचे हवे, ते त्याच्या विमा कंपनीकडून थेट तपासून घ्यावे, आणि त्यात बोटीच्या पूर्ण किमतीचे संरक्षण आहे की ठरावीक रकमेपर्यंतचेच, हे वाचावे. बोट रुंद असेल तर वाहतूकदाराशिवाय सहसा गत्यंतर नसते. विशेष परवान्याविना नेता येणारी रुंदी युरोपात सर्वसाधारणपणे २.५५ मीटर आणि अमेरिकेत साडेआठ फूट आहे. त्यापुढे परवाने, ठरवून दिलेले रस्ते आणि कधी कधी सोबतीचे वाहन हे सगळे आलेच. माझी बोट या मर्यादेत बसत होती, ओढणारी गाडी पुरेशी सक्षम होती, म्हणून ती स्वतः ओढून आणण्याचे ठरवले.

सक्षम म्हणजे किती, हे ठरवताना माहितीपत्रकातल्या ‘कोरड्या वजनावर’ विसंबून राहू नये. त्या आकड्यात बहुधा इंजिन, इंधन, बॅटऱ्या, नांगर आणि साखळी यांपैकी काहीच धरलेले नसते. दीडशे अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड २०० किलोच्या पुढे जाते आणि १०० लिटर पेट्रोल साधारण ७५ किलो भरते. जुन्या बोटीत आणखी एक लपलेला भार असतो, तो म्हणजे डेकखालच्या तरंगक फोमने वर्षानुवर्षे शोषलेले पाणी. हे वजन कागदावर कुठेच सापडत नाही. म्हणून व्यवहार पूर्ण होण्याआधीच विक्रेत्याला बोट ट्रेलरसह वजनकाट्यावर नेऊन पावती पाठवायला सांगितले. आकडा अंदाजापेक्षा फार वेगळा निघाला असता, तर किमतीवर आणि बहुधा खरेदीवरच पुन्हा विचार केला असता. अपेक्षेशी जुळणारे वजन हा तळाच्या आरोग्याविषयीचाही स्वस्तातला पुरावा ठरतो, हे मला नंतर अधिक पटले.

आता मूळ मुद्दा. पाण्यात बोटीच्या तळाला सगळीकडून आधार मिळतो. ट्रेलरवर तोच तळ काही मोजक्या जागांवर टेकलेला असतो आणि प्रत्येक खड्ड्यात त्या जागांवर दणका बसतो. माझ्या ट्रेलरवर गालिच्याचे अस्तर लावलेल्या लांब लाकडी पट्ट्या, म्हणजे बंक आहेत. रोलरवरून बोट उतरवणे सोपे जाते, पण लांबच्या प्रवासासाठी मला बंकच बरे वाटतात, कारण त्यांच्यावर भार पसरतो. अट एवढीच की ते तळाच्या आतल्या स्ट्रिंगरांच्या, म्हणजे तळाला बळकटी देणाऱ्या लांब आडण्यांच्या, रेषेत असावेत आणि मागे थेट ट्रान्समपर्यंत, म्हणजे इंजिन ज्या उभ्या पाठीवर टांगलेले असते तिथपर्यंत, पोहोचावेत. ते वीतभर आधीच संपले, तर इंजिनासह मागचा भाग अधांतरी राहतो आणि तळाला हळूहळू आतल्या बाजूला वाक येऊ शकतो. अशा वाकाला ‘हुक’ म्हणतात. वेगात असताना तो नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, खाली दाबतो, बोट ओली चालते आणि वेगही घटतो.

आमच्या बंकांची मागची टोके ट्रान्समच्या अलीकडेच थांबलेली होती. विक्रेत्याने बोट पुढे विंचपर्यंत, म्हणजे ती ओढून घेणाऱ्या चरखीपर्यंत, पूर्ण ओढलेली नाही, असे आधी वाटले. पण विंचचा खांबच चुकीच्या छिद्रांत बसवलेला होता. तो पुढे सरकवल्यावर बोट जागेवर बसली. निघण्याआधी तळाच्या मागच्या दीड मीटरवर सरळ पट्टी धरून फट पाहिली, छायाचित्रे घेतली, आणि हंगाम संपत आल्यावर तीच तपासणी त्याच जागी पुन्हा केली. फरक दिसला नाही. पाण्यातही बोट अपेक्षित ट्रिमवर (इंजिनाच्या कोनावर) नाळ उचलते आणि पूर्ण वेगात डोलत नाही. वाहतूक चांगली झाली असे मी ज्या आधारावर म्हणतो, त्यात सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे. इनबोर्ड, म्हणजे आत बसवलेल्या, इंजिनाच्या बोटींबाबत हीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते: ट्रेलरवर आणि पाण्यात तळाचा आकार किंचित बदलत असल्याने शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) सरळ रेष बोट एक-दोन दिवस तरंगल्यानंतर तपासायची असते, प्रवास संपल्या संपल्या नाही. लाकडी फळ्यांच्या बोटी तर रस्त्यावरच्या वाऱ्यात सुकून सांध्यांतून उघडतात आणि पाण्यात टाकल्यावर फळ्या फुगेपर्यंत गळत राहतात. अशी बोट घेणाऱ्याने सुरुवातीचे काही दिवस चालू पंपाची सोय करूनच ती उतरवावी.

दुसरा मोठा विषय चाकांचा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात. ते वर्षातला बहुतेक काळ एकाच जागी भार घेऊन उन्हात उभे असतात आणि नक्षी नव्यासारखी दिसत असली, तरी आतले रबर कडक झालेले असते. कडेवरच्या कोडचे शेवटचे चार अंक विक्रेत्याकडून छायाचित्रात मागवावेत. ३२१७ असे असेल तर टायर २०१७ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. सहा वर्षांच्या पुढचे टायर घेऊन लांब पल्ल्याला निघू नये, असे माझे मत आहे, आणि त्यानुसार चारही टायर विक्रेत्याच्या गावातच बदलून घेतले. वेगाचीही मर्यादा असते. अमेरिकेत ट्रेलरसाठी बनणाऱ्या ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) वर्गाच्या अनेक टायरांना ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटरपर्यंतचीच मान्यता असते, आणि हवा कमी असेल तर तो वेगही जास्त ठरतो.

बेअरिंगांची कथा याहून महत्त्वाची आहे. रस्त्यावर तापलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मध्यभाग, बोट उतरवायच्या उतारावरून थेट थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. काही आठवड्यांनी ग्रीस दुधाळ होते, बेअरिंगांवर गंज चढतो, आणि त्याचा परिणाम पुढच्या लांबच्या प्रवासात भर रस्त्यात दिसतो. जुन्या ट्रेलरने हे किती वेळा सोसले आहे, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. म्हणून निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर पहिला थांबा घेतला आणि प्रत्येक हबला हात लावून पाहिला. तीन कोमट होते, एक स्पष्टपणे गरम. उघडल्यावर आतले सील फाटलेले आणि ग्रीस राखाडी-पांढरे निघाले. बेअरिंगांचा जोड, सील आणि समुद्री वापराचे ग्रीस सोबत असल्यामुळे काम रस्त्याच्या कडेलाच आटोपले. त्यापुढे प्रत्येक थांब्याला हात फिरवण्याची सवय लागली, ती अजून आहे. आता धक्क्यावर पोहोचल्यावर बोट लगेच पाण्यात न नेता, आधी पट्टे सोडणे, तळाचे बूच लावणे, दोर बांधणे ही कामे करतो. तेवढ्यात हब निवतात. बाकीच्या तीन हबांतही नंतर नवी बेअरिंगे बसवली आणि तेव्हापासून एकदाही तक्रार नाही.

गाडीमागे ट्रेलर डुलणे हा प्रामुख्याने भाराच्या वाटणीचा प्रश्न आहे. कप्लरवर, म्हणजे गाडीच्या बॉलवर, पडणारा भार एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के ठेवला होता, गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा सांभाळून. तो फार कमी झाला की मागचा भाग शेपटासारखा हलू लागतो, फार वाढला की गाडीची पुढची चाके हलकी होतात. नांगर, साखळी आणि सुट्या बॅटऱ्या बोटीच्या मागच्या कप्प्यांत होत्या, त्या काढून गाडीत ठेवल्याने फरक लगेच जाणवला. बॉलचा आकार मात्र विक्रेत्याच्या शब्दावर न ठेवता कप्लरवर कोरलेला आकडा वाचून ठरवावा. मोठ्या मापाचा कप्लर लहान बॉलवर वरकरणी बसतो आणि पहिल्या उसळीत निसटू शकतो.

बांधणीबद्दल थोडक्यात. विंचचा पट्टा ही बोट वर ओढण्याची सोय आहे, प्रवासात तिला धरून ठेवण्याची नव्हे. नाळेच्या कडीला वेगळी साखळी आणि ट्रान्समच्या दोन्ही कड्यांना रॅचेटचे पट्टे हवेतच. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात थरथरत नाही. इंजिन वर उचलून हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडू नये, खाली आधाराचा दांडा द्यावा. पाण्यावर वापरायचे कापडी कव्हर आम्ही काढूनच ठेवले, कारण महामार्गाच्या वाऱ्यात ते फडफडून जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर, घासते. गाद्या, छत आणि सैल झाकणे गाडीत गेली. टाकीत इंधन अगदी थोडे ठेवले आणि पावसाचे पाणी साचू नये म्हणून तळाचे बूच काढून सुकाणूच्या चाकाला बांधले, म्हणजे बोट उतरवताना त्याची आठवण राहते.

एक गोष्ट बोट घेणारे सहसा विचारात घेत नाहीत. जुन्या बोटीबरोबर जुन्या पाण्यातले जीवही प्रवास करतात. झेब्रा शिंपले १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत आढळले, ते जहाजांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून आले असे मानले जाते, आणि पुढे एका जलाशयातून दुसऱ्यात त्यांचा फैलाव होण्यात ट्रेलरवरच्या बोटींचा मोठा हात आहे. त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि तळातल्या वाटीभर पाण्यातही तग धरतात. म्हणून बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचणारी जागा), मासे ठेवायची टाकी आणि इंजिनातले पाणी विक्रेत्याकडेच काढले, तळ गरम पाण्याने धुतला आणि बोट नव्या पाण्यात उतरवण्याआधी पूर्ण सुकू दिली. काही ठिकाणी तपासणी नाक्यावर हे पाहिले जाते. पाहिले जात नसले तरी करावे.

कागदपत्रांत बोटीचा ओळख क्रमांक ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात स्वतः वाचून ताडून पाहावा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून तो बंधनकारक आहे. ट्रेलरचा क्रमांक वेगळा असतो आणि त्याची मालकी वेगळ्या कागदावर असू शकते, हे पैसे देण्याआधीच पाहायचे.

महिन्यांच्या वापरात वर आलेल्या गोष्टी अशा. प्रवासाच्या हादऱ्यांनी डेकवरच्या दोन कड्यांचे बोल्ट सैल झाले होते. बाहेरून काही दिसत नव्हते, पण पहिल्या पावसानंतर कप्प्यात ओल आली. कड्या काढून नव्या सीलंटमध्ये बसवल्या. बॅटरीच्या एका तारेचे टोक अर्धवट तुटलेले निघाले आणि ते इंजिन सुरू होताना कधी कधी होणाऱ्या कुरकुरीचे कारण ठरले. पहिल्या महिन्यातच सगळे जोड एकदा आवळून घेतले असते तर ही दोन्ही कामे लवकर झाली असती, म्हणून नव्या मालकाला माझी तशी शिफारस आहे. ट्रान्सम, तळ आणि इंजिनाचा पाया निर्दोष आहेत.

ट्रेलरचा सांगाडा अजून भक्कम आहे, दिवे बदलून पाणीरोधक एलईडी लावले आहेत, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पात्यांमध्ये मात्र गंज दिसतो. ब्रेकांबद्दल समाधान नाही. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे हे ब्रेक कोरड्या रस्त्यावर चांगले चालतात, पण खाऱ्या पाण्यात बुडून आलेले ड्रम धुतले नाहीत, तर काही दिवसांत ब्रेकचे पट्टे आत चिकटतात. हातब्रेक लावून महिनाभर उभा ठेवला तेव्हा एक चाक फिरेचना. आता हातब्रेक न लावता चाकांना ठोकळे देतो. पुढच्या हंगामाआधी कमानी आणि मागच्या आसावरचे ब्रेक दोन्ही बदलायचे आहेत, आणि ड्रमना आतून गोड्या पाण्याने धुण्याची नळी जोडायची आहे. तोवर ट्रेलर फक्त धक्क्यापर्यंतच्या जवळच्या अंतरासाठी वापरतो आहे.