होल्डेम रिसोर्सेस कॅल्क्युलेटर: अंडर द गन रेझ किती, हे कळतं का?

पोकर टूर्नामेंटवाल्यांमध्ये हे हिशेबाचं सॉफ्टवेअर ‘एचआरसी’ म्हणूनच ओळखलं जातं. त्याचं नाव झालं ते शॉर्ट स्टॅकला, म्हणजे थोड्याच चिप्स उरलेल्याला, ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) की फोल्ड (पत्ते सोडणं), या हिशेबामुळे. कंपनीचा वेबवरचा मोफत नॅश कॅल्क्युलेटर तेवढंच काम करतो. छोटा रेझ (बोली थोडी वाढवणं) हा पर्यायच त्यात नाही, त्यामुळे रेझची साइज ठरवायला तो निरुपयोगी. त्यासाठी वर्गणीची डेस्कटॉप आवृत्ती लागते. हे परीक्षण तिचं, आणि एकाच प्रश्नापुरतं: नऊ जणांच्या टेबलवर पहिली पाळी आपली असताना, म्हणजे ‘अंडर द गन’, रेझ दोन बीबींचा, अडीचचा की तीनचा? (बीबी म्हणजे एक बिग ब्लाइंड, पत्ते बघण्याआधी सक्तीने भरायची मोठी रक्कम.)

प्रश्न किरकोळ नाही. मागे आठ जण आहेत. त्यांच्यापैकी किमान एकाकडे राणीची जोडी किंवा त्याहून मोठी जोडी, नाहीतर एस-किंग असण्याची शक्यता ढोबळमानाने 19 टक्के. बटणवरून, म्हणजे मागे फक्त दोन्ही ब्लाइंड असताना, रेझ केला तर हाच आकडा 5 टक्क्यांच्या आसपास येतो. दुसरीकडे, बिग ब्लाइंड अँटी (सगळ्यांच्या वतीने बिग ब्लाइंडने भरलेला एक जादा बीबी) असेल तर पॉटमध्ये, म्हणजे मधल्या रकमेत, आधीच अडीच बीबी पडलेले असतात. दोनचा रेझ 44.4 टक्के वेळा सगळ्यांनी सोडला की तिथेच वसूल, तीनच्या रेझला मात्र 54.5 टक्के फोल्ड लागतात. पण दोनला बिग ब्लाइंडला कॉलसाठी (बरोबरीची रक्कम टाकण्यासाठी) जेमतेम 18.2 टक्के इक्विटी (पॉटमधला सरासरी वाटा) पुरते, तीनला 26.7. नेमकी हीच ओढाताण आकड्यांत दिसावी म्हणून हे सॉफ्टवेअर घ्यायचं.

मांडणी सोपी आहे. स्टॅक, ब्लाइंड, अँटी भरा, चिप-ईव्ही (निव्वळ चिप्समधला सरासरी नफा) की आयसीएम (चिप्सची बक्षिसाच्या पैशांतली किंमत) ते निवडा, आयसीएम असेल तर बक्षिसांची रचना द्या, मग प्रत्येक पोझिशनच्या बेट साइज ठरवा आणि गणित सुरू करा. सगळ्यात जास्त घोळ अँटीच्या रकान्यात होतो. बिग ब्लाइंड अँटीचा एक बीबी ‘प्रत्येकी’ म्हणून भरला गेला, तर नऊ जणांच्या टेबलवर पॉट अडीचऐवजी साडेदहा बीबींचा धरला जातो. मग अंडर द गनची रेंज (खेळायच्या हातांचा संच) भलतीच फुगते, आणि हातांचा ग्रिड रंगीबेरंगी दिसतो म्हणून ते पटकन लक्षातही येत नाही. पहिलं उत्तर आलं की आधी पॉट तपासावा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. तिन्ही साइज एकाच ट्रीमध्ये (शक्य चालींच्या आराखड्यात) घातल्या की सॉल्व्हर, म्हणजे हे गणित करणारं सॉफ्टवेअर, एकच हात थोडा दोनला, थोडा तीनला वाटून टाकतो. टेबलवर असं खेळणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. वर मोठ्या हातांना मोठी साइज अशी सवय लागली, तर समोरच्याला पत्ते दाखवून खेळल्यासारखंच. त्याऐवजी तीन वेगळ्या ट्री कराव्यात, एकात फक्त दोन, दुसऱ्यात अडीच, तिसऱ्यात तीन, आणि अंडर द गनच्या पूर्ण रेंजचा ईव्ही शेजारी शेजारी ठेवावा. फरक बीबीच्या शंभराव्या हिश्शाचा निघाला तर त्यावर वाद घालू नये. माँटे कार्लो पद्धतीत, म्हणजे यादृच्छिक नमुन्यांवरून काढलेल्या अंदाजात, तेवढा गोंगाट असतोच, गणित आणखी चालू ठेवलं तर क्रम उलटाही होऊ शकतो.

20 बीबींच्या स्टॅकवर मात्र एचआरसी खरोखर उजवं ठरतं. समजा दोनचा रेझ केला आणि कटऑफने (बटणच्या आधीच्या खेळाडूने) 20 बीबी ऑल-इन टाकले. आता 18 देऊन 42.5 चा पॉट, म्हणजे 42.4 टक्के इक्विटी हवी. तीन टाकले असते तर 40 टक्के. कॉलची किंमत जेमतेम अडीच टक्क्यांनी उतरली, पण फोल्ड करावा लागला की प्रत्येक वेळी एक अख्खा बीबी जास्त गेला. बबलजवळ (बक्षिसांत येण्याच्या उंबरठ्यावर) आयसीएम लावल्यावर हा एक बीबी आणखी बोचतो. इतक्या स्टॅकवर अर्ली पोझिशनला दोन, फार तर सव्वादोन, याच्या पुढे जायचं कारण सहसा सापडत नाही.

100 बीबींवर आणि लाइव्ह टेबलवर माझा विश्वास कमी होतो. ट्री आवाक्यात राहावी म्हणून किती जण कॉल करू शकतील यावर मर्यादा घालावी लागते, नाहीतर मेमरी पुरत नाही. मग दोनच्या रेझला फार तर एखादा कॉल धरून आलेलं उत्तर आपण चौघे कॉल करणाऱ्या टेबलवर घेऊन जातो. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर खेळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. तीन बीबींना तीन कॉल आले, दोन्ही ब्लाइंडनी पत्ते सोडले, तर 14.5 चा पॉट आणि मागे 97. पाच टाकून तेवढेच कॉल आले तर 22.5 आणि 95, म्हणजे स्टॅक आणि पॉटचं प्रमाण 6.7 वरून 4.2 वर. मोठ्या जोडीला दुसरं चित्र कितीतरी सोयीचं. सैल कॉल करणाऱ्यांची रेंज हाताने बदलून, लॉक करून पुन्हा गणित चालवलं तर उत्तर वास्तवाच्या जवळ सरकतं, पण ती रेंज अंदाजानेच भरायची असते.

भारतात 2025 च्या कायद्याने पैशांवरचा ऑनलाइन पोकर बंद झाल्यापासून हँड हिस्टरी (खेळलेल्या हातांची नोंद) आयात करण्याच्या सोयीचा इथल्या खेळाडूला फारसा उपयोग उरलेला नाही. प्रत्येक हात स्वतः टाइप करावा लागेल, हे धरूनच वर्गणी भरावी. 10 ते 40 बीबींत वेळ घालवणाऱ्या टूर्नामेंट खेळाडूने जरूर घ्यावं. फक्त डीप (मोठ्या स्टॅकचे) कॅश गेम खेळत असाल तर सोडून द्या. कमी रॅमचा लॅपटॉप असेल तर नऊऐवजी सहा जणांची ट्री करून भागवता येतं, पण तेव्हा पहिल्या पोझिशनमागे आठ नाही, पाचच जण उरतात आणि रेंज आपोआप सैल येते.