नववीच्या ‘गतीचे नियम’साठी घेतलेला प्रयोगसंच : वर्षभर वापरल्यानंतर

किंमत ४,२०० रुपये, वर पार्सलचे २८०. अंबाल्याच्या एका विक्रेत्याकडून मागवला. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण हाच डबा निरनिराळ्या छापांखाली विकायला आहे आणि आतला माल बहुतेक एकाच साच्यातला असावा. वेतनेतर अनुदानाची (पगाराखेरीजच्या खर्चासाठी शाळेला मिळणाऱ्या सरकारी पैशांची) वाट बघत बसले असते तर ही नववी दहावी होऊन बाहेर पडली असती, म्हणून पैसे स्वतःचेच घातले.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात. नववीच्या पटावर ६१ मुलं. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि एक बेसिन, ज्याला पाणी नाही. विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. जून महिन्यात, मुलं अजून सुट्टीतून पुरती परत आलेली नसताना, त्यांच्यासमोर विस्थापन, वेग आणि त्वरण एकदम येऊन पडतं. ‘एकक वेळात वेगात होणारा बदल’ हे सगळ्यांना पाठ असतं. बदल म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की वर्ग पंख्याकडे बघतो.

डब्यात १२० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा ट्रॅक, दोन गाड्या, कप्पी, खाचेची वजनं, टिकर टायमर (सरकत्या कागदी पट्टीवर ठरावीक वेळानं ठिपका मारणारं यंत्र), कागदी पट्टीचं एक रिळ, दहा कार्बन चकत्या, एक अडॅप्टर, एक स्टॉपवॉच आणि इंग्रजी-हिंदी पुस्तिका आहे. ट्रॅक सरळ आणि दणकट आहे. पार्सलवाल्यानं तो जीपच्या टपावरून आणला, तरी वाकला नाही.

आता अडॅप्टरचं रामायण. पहिल्या दिवशी मुलांना भोवती गोळा केलं, बटण दाबलं. टायमर ‘टक्’ असा एकदाच वाजला आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा एकच टक्. आमचे परिचर मामा म्हणाले, “मॅडम, ह्याला धक्का लागतोय वाटतं.” धक्का काही नव्हता. संचासोबत दिलेला अडॅप्टर डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज देणारा होता! टिकर टायमरची पोलादी पट्टी थरथरते ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर, कारण आपल्याकडची एसी सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि पट्टी त्या तालावर नाचते. डीसी दिली की विद्युतचुंबक पट्टीला एकदा ओढून धरतो आणि तसाच बसतो, वर वेटोळं तापतं ते वेगळं. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, दोनों चलता है.” शेवटी गावात लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून बंद डब्यात बसवलेला सहा-शून्य-सहाचा, म्हणजे घरची वीज सहा व्होल्टवर उतरवून एसीच देणारा, ट्रान्सफॉर्मर आणला, १५० रुपयांत. लावल्याबरोबर टायमर भुंग्यासारखा गुणगुणायला लागला.

सेकंदाला ५० ठिपके पडतात हे मुलांनी माझ्या सांगण्यावर मानायचं नाही, असं ठरवलं होतं. एकानं मोबाइलवर तीन सेकंद मोजले, दुसऱ्यानं पट्टी ओढली, चौघांनी ठिपके मोजले. १४८ भरले. दोन कुठे गेले यावर पाच मिनिटं भांडण झालं आणि खापर मोबाइल धरणाऱ्याच्या बोटावर फुटलं. बरोबरच होतं.

संचाचे पैसे वसूल होतात ते इथून पुढे. ट्रॅकच्या एका टोकाखाली ६ सेंटिमीटर उंचीची पुस्तकं ठेवली, गाडीला सेलोटेपनं कागदी पट्टी चिकटवली, पट्टी टायमरच्या खाचेतून ओवली आणि गाडी सोडली. सुरुवातीचे ठिपके एकमेकांवर चढलेले असतात, तेवढे सोडून द्यायचे. पुढे दर पाच मोकळ्या जागांनंतर कात्री चालवायची. प्रत्येक तुकडा म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. हे तुकडे वहीत उभे, शेजारी शेजारी चिकटवायचे. मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या वहीतली मापं मी लिहून घेतली आहेत : १३, १७, २१, २६, २९, ३४ मिलिमीटर. चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, “मॅडम, हा जिनाच झाला की.” तुकड्याची उंची म्हणजे वेग आणि पायरीची उंची म्हणजे वेगातला बदल, एवढंच मला सांगावं लागलं. पायरी सरासरी ४.२ मिलिमीटरची. म्हणजे सेकंदाच्या प्रत्येक दहाव्या भागात वेग ‘सेकंदाला ४२ मिलिमीटर’ एवढा वाढतो, म्हणजेच त्वरण ०.४२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ‘सेकंद वर्ग’ का, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. दोन सेकंद कुठून आले ते वहीतच दिसत होतं, एक तुकड्यातला आणि एक पायरीतला.

गुरुत्व त्वरणाला, म्हणजे ९.८ ला, उंचीनं गुणून ट्रॅकच्या लांबीनं भागलं तर ०.४९ यायला हवं. उरलेलं ०.०७ घर्षणानं खाल्लं. हे मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, नववीला तेवढं पुरे.

पण त्या घर्षणावरूनच वर्षातला सगळ्यात चांगला तास झाला आणि पुस्तिकेत त्याबद्दल अक्षर नाही. ट्रॅकखाली नुसती दोनशे पानी वही ठेवायची आणि गाडीला हलकासा धक्का द्यायचा. ठिपके थेट समान अंतरावर येतात. उताराची ओढ आणि घर्षण यांची तिथे बरोबरी झालेली असते. “उतार आहे तरी वेग वाढत नाही?” असं पहिल्या बाकावरून आलं आणि न्यूटनचा पहिला नियम मला शिकवावाच लागला नाही. संतुलित बल असताना गाडी थांबलीच पाहिजे असं नाही, हे पटवायला एरवी माझे दोन तास जातात आणि तरी निम्म्यांना पटत नाही.

पुस्तिकेत दुसऱ्या नियमाचा प्रयोग तर चुकीचाच दिला आहे. कप्पीवरून दोरा सोडा, टोकाला वजनं वाढवत जा, त्वरण त्याच पटीत वाढेल, असं म्हटलंय. वाढत नाही. टांगलेलं वजनही गाडीबरोबर पळत असतं, त्यामुळे एकूण वस्तुमान बदलतं. गाडी ५०० ग्रॅमची आहे. ५० ऐवजी २०० ग्रॅम टांगले तर बल चौपट होतं, पण त्वरण तिपटीच्या जरासं पुढे जातं. मुलं म्हणतात प्रयोग फसला. उपाय सोपा आहे : सगळी वजनं आधी गाडीवर ठेवायची आणि तिथून एकेक उचलून दोऱ्याला अडकवायचं, म्हणजे एकूण वस्तुमान तेवढंच राहतं. मी पुस्तिकेच्या त्या पानावर लाल पेनानं काट मारून ठेवली आहे.

दोन गाड्यांपैकी एकीचं डावं चाक डुगडुगतं. ती ट्रॅकच्या कडेला घासत जाते, त्यामुळे टकरीचे आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेचे प्रयोग झाले नाहीत म्हटलं तरी चालेल. चाक बदलून मागितलं, चार मेसेज केले, चारही वाचले गेले, उत्तर एकाचंही नाही. स्टॉपवॉच गणपतीपर्यंत टिकलं. कागदी पट्टी दिवाळीला संपली, कारण प्रत्येकाला आपापला जिना हवा. मग बिलाच्या मशीनचा साधा रोल आणून कटरनं एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या. कड वाकडी झाली की पट्टी खाचेत अडते आणि ठिपक्यांची मध्येच गाठ पडते. त्या गाठीलाही एकानं ‘ऋण त्वरण’ म्हणून दाखवलं, मी त्याला अर्धा गुण दिला. कार्बन चकत्या मात्र विकत घेऊ नका, स्टेशनरीतला कार्बन पेपर गोल कापला की झालं.

फोनवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं. गाडीवर फोन बांधला की त्वरणाचा आलेख आपोआप येतो. माझ्याकडे आहे, अकरावीच्या पोरांना देईन. नववीला तयार आलेख दिला की ती फोन बघतात, गाडी बघत नाहीत.

एकूण पाचात साडेतीन. टायमर आणि ट्रॅकला पाच, बाकीच्याला दीड. घेणार असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून एवढंच विचारा, की टायमरसाठी एसी पुरवठा देता की डीसी. “दोन्ही चालतं” असं उत्तर आलं तर दुसऱ्या दुकानाला फोन लावा.