हॉकिन्स क्लासिक ५ लिटर: राग जिरल्याशिवाय तोंड न उघडणारा कुकर

कुकरचा रिव्ह्यू म्हटल्यावर लोक किती लिटर, किती रुपये, इंडक्शनवर चालतो का एवढंच विचारतात, पण मला याच्या स्वभावाबद्दल बोलायचंय कारण याला खरंच स्वभाव आहे.

बाकीच्या बऱ्याच कुकरचं झाकण बाहेरून बसतं. याचं आतून. तोंड थोडं लांबट गोल आहे म्हणून झाकण तिरकं करून आत सोडायचं, फिरवायचं आणि वर ओढून दांडी अडकवायची. आता गंमत बघा, आत वाफ कोंडली की तीच वाफ झाकणाला आतून वर दाबून धरते. म्हणजे हा जितका तापलेला तितका घट्ट मिटलेला! तुम्ही कितीही जोर लावा, प्रेशर उतरेपर्यंत हा उघडत नाही, आणि उतरलं की झाकण आपोआप सैल होऊन खाली येतं. भरल्या रागात तोंड उघडायचंच नाही हे याच्या घडणीतच आहे, आणि मला याचं मनापासून कौतुक आहे कारण मी माणसांमध्ये हे फार कमी बघितलंय. आमच्या सासूबाई तर सरळ सांगतात, "अगं थांब, त्याचं अजून आत चाललंय, मग बोल त्याच्याशी."

आणि आत काय चाललेलं असतं? उघड्या पातेल्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं, इथे दाब वाढल्यामुळे ते साधारण १२० पर्यंत जातं, म्हणून तूरडाळ इतक्या लवकर मेणासारखी शिजते. दाब जास्त झाला की शिटी उचलली जाते, फुस्सकन वाफ सोडते आणि परत जागेवर बसते. सगळं एकदम बाहेर काढत नाही, जड झालं तेवढंच. पहिली शिटी नेहमी घशात अडकल्यासारखी येते, थोडं पाणी थुंकून, आणि दुसरीपासून आवाज मोकळा होतो. ती पहिली ऐकून मला अजून हसू येतं.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल कुणीच बोलत नाही. झाकणावरचा तो छोटासा तुकडा आयुष्यभर गप्प बसतो आणि आतलं पाणी आटून कुकर जास्त तापला तर स्वतः वितळून वाफेला वाट करून देतो. त्याला एकदाच बोलायचं असतं आणि तेही सगळ्या घरासाठी. वितळला की नवीन घालायचा, तोही ओरिजिनलच, तिथे काटकसर नको. १६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडं मऊ करायला असं भांडं केलं होतं, वाफ सोडायचा व्हॉल्व्हही त्याचाच, म्हणजे कोंडलेल्याला वाट हवीच हे तेव्हाच कळलेलं.

आता कामाचं. झाकण लावायला नवीन माणसाला थोडे दिवस लागतात, पाहुणे आले की ते कुणाला जमत नाही. ॲल्युमिनियमचा असल्यामुळे डबे ठेवून कुकर लावला की आतून काळा पडतो, खालच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकायची, लख्ख राहतो. रिंग ढिली झाली की बाजूने वाफ जाते आणि शिटीच होत नाही, तेव्हा ओढून ताणून चालवू नका, बदला.

चार-पाच माणसांच्या वरण-भाताला ५ लिटर बरोबर पडतो. दोघंच असाल तर ३ चा घ्या, आणि दुकानातून निघायच्या आधी झाकण स्वतःच्या हाताने दोन-तीनदा लावून बघा.