लाईट आली की एसी आपोआप: रास्पबेरी पायच्या शिकणाऱ्या रिमोटचा अनुभव

परभणीचा अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा वापरून झाल्यावर सांगतो. चार रिमोटचा एक रिमोट करायचा एवढ्यासाठीच रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा संगणक) घेणार असाल, तर राहू द्या. त्या कामाला तयार वायफाय ब्लास्टर (मोबाईलवरून सांगितलं की रिमोटचे सिग्नल सोडणारे डबे) मिळतात आणि ते स्वस्त पडतात. दुसऱ्या रिमोटचे कोड शिकून पाठवणारा माझा पायचा डबा घरात टिकला तो वेगळ्याच कारणाने. मे महिन्यात पारा ४२ च्या वर, लाईटचा नेम नाही, आणि आमचा जुना एसी लाईट आल्यावर स्वतःहून सुरू होत नाही. रात्री दोन वाजता घामाघूम होऊन रिमोट कोण शोधणार?

सामान थोडंच आहे. पाय झीरो २ डब्ल्यू, रिमोटचा सिग्नल पकडणारा टीएसओपी३८२३८ सेन्सर, तो पाठवणारे ९४० नॅनोमीटरचे (इन्फ्रारेड म्हणजे आयआर, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दोन एलईडी आणि एक ट्रान्झिस्टर. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे टीएसओपी१७३८ सेन्सर चटकन मिळतो, पण तो ५ व्होल्टवर चालतो आणि पायच्या पिनांना ३.३ च्या वर सोसत नाही. एलईडी थेट पिनेला जोडायच्या फंदात पडू नका. तिथून जेमतेम १६ मिलीअँपिअर घेता येतात. ट्रान्झिस्टरमधून शंभराच्या आसपास दिले की हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत काम होतं.

सॉफ्टवेअरसाठी लिर्कचे (लिनक्सवरचं रिमोटचं सॉफ्टवेअर) जुने लेख वाचत बसू नका. त्यातला लिर्क-आरपीआय ड्रायव्हर पायच्या लिनक्स कर्नल ४.१९ पासून गेला. आता जीपीआयओ-आयआर आणि जीपीआयओ-आयआर-टीएक्स हे ओव्हरले (पिनेवर सेन्सर नि एलईडी आहे हे पायला सांगणाऱ्या सेटिंग) आणि कोड रेकॉर्ड करून पाठवणारं आयआर-सीटीएल पुरतं. एक गोष्ट मात्र कोणी नीट सांगत नाही: सेन्सर कॅरिअर (रिमोटचा एलईडी ज्या ठराविक वेगाने लुकलुकतो ती लहर) गाळूनच सिग्नल देतो. त्यामुळे मूळ रिमोट ३६ किलोहर्ट्झचा होता की ३८ चा, हे शिकलेल्या फाइलीत येतच नाही. ३६ वाला कोड ३८ वर पाठवला तर जवळून चालतो, सोफ्यावरून चालत नाही, आणि माणूस विनाकारण एलईडी बदलत बसतो.

सेटटॉप बॉक्सचा रिमोट सरळ निघाला. एनईसी नावाची कोडची पद्धत, ९ मिलीसेकंदांची सुरुवात, ४.५ ची विश्रांती, मग ३२ बिट. एसीचं तसं नाही. त्याच्या रिमोटवर ‘तापमान वाढव’ दाबलं तरी तापमान, मोड, पंखा, स्विंग असं सगळंच दरवेळी जातं. म्हणून बटणं शिकवण्यात अर्थ नाही. मी ‘२६, कूल, पंखा मध्यम’ अशी अख्खी अवस्थाच कच्च्या स्वरूपात रेकॉर्ड केली. असे चार-पाच कोड घराला भरपूर झाले.

आणि इथेच खरी मजा आहे. आयआर एकतर्फी असतं, समोरच्याने ऐकलं की नाही हे पायला कळत नाही. एसीचा ‘चालू, २६’ हा कोड दहा वेळा पाठवला तरी बिघडत काही नाही, म्हणून मी तो थांबून थांबून तीनदा पाठवतो. सेटटॉपच्या पॉवर बटणाला एकच कोड, चालूला तोच नि बंदला तोच. दुसऱ्यांदा गेला की आईची मालिका बंद आणि “तुझा तो डबा काढ आधी!” त्याला स्वयंचलित कामातून मी काढूनच टाकलं.

पाय इन्व्हर्टरवर आहे. लाईट आली हे त्याला कळतं ते थेट लाईनवर लावलेल्या जुन्या मोबाईल चार्जरवरून. त्याचे ५ व्होल्ट १० आणि २० किलोओहमच्या रेझिस्टरांनी ३.३ वर आणून एका पिनेला दिलेत. लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच कोड जातो, कॉम्प्रेसरला तेवढा दम हवा. इन्व्हर्टरची बॅटरीही कधी उतरते आणि पाय अचानक बंद पडतो, म्हणून त्याचं मेमरी कार्ड ओव्हरले फाइल सिस्टिम लावून फक्त-वाचनावर ठेवलंय. तेव्हापासून कार्डाची कटकट नाही.

तक्रारी आहेतच. खिडकीतून दुपारचं ऊन सेन्सरवर आलं की शिकवणी नीट होत नाही, ते काम संध्याकाळी करावं. बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटवर चालणारा) पंखा घेतलाय तर आधी त्याचा रिमोट मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर दाबून बघा. जांभळट ठिपका दिसला तर आयआर आहे. टीव्हीच्या रिमोटचा दिसतो आणि पंख्याच्या रिमोटचा दिसत नाही, तर तो बहुधा रेडिओवर चालतो आणि या डब्याच्या आवाक्यात नाही. आमच्या बेडरूमचा पंखा तसलाच आहे, त्याचा रिमोट अजून उशीखालीच असतो.