बोअर मोजायला टेलिस्कोपिक गेज की डायल बोअर गेज?

बोअर म्हणजे भोकाचा आतला व्यास. रिबोअरचं, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून मोठं करून देण्याचं, काम नव्यानं सुरू करणारे हा प्रश्न विचारतातच. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही वापरात आहेत.

टेलिस्कोपिक म्हणजे भोकात स्प्रिंगनं फाकणारा आणि स्क्रूनं लॉक होणारा गेज. त्याची बाजू मोठी आहे. सहा नगांचा संच 8 ते 150 मिमीपर्यंत सगळं मोजतो. किंमत कमी, बिघडण्यासारखं आत फारसं काही नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून लूमचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) येतात, त्यांच्या बारीक भोकात मोठा बोअर गेज शिरतच नाही. तिथे हाच कामाला येतो.

माझं घोडं अडलं ते त्याच्या लॉकपाशी. गेज जरा तिरका धरायचा, स्क्रू हलका आवळायचा, एकदाच झुलवून बाहेर काढायचा आणि मग मायक्रोमीटरनं मोजायचा. आता हलका म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या बोटांवर. आमचे कारागीर माझ्यापेक्षा जुने, हात पक्का; तरी एकाच सिलिंडरचा त्यांचा आकडा आणि माझा आकडा यांत मिलिमीटरच्या शतांश-दोन शतांशाचा फरक पडायचा. बुशला ते चालून जातं. पण लहान इंजिनात पिस्टनचा क्लिअरन्सच (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) जेमतेम तीन-चार शतांश. त्यातले दोन मोजण्यातच गेले, तर होनिंग (सिलिंडर आतून घासून शेवटच्या मापाला आणणं) थांबवायचं कुठे?

बोअर गेजला लॉकच नाही. मायक्रोमीटरवर झिरो लावायचा, सिलिंडरमध्ये सोडून झुलवायचा. काटा जिथून परत फिरतो तो आकडा. तो मला आणि कारागिरांना सारखाच दिसतो. वरून खाली सरकवत नेला की टेपर (वर-खालच्या व्यासातला फरक) कळतो, नव्वद अंशात फिरवला की ओव्हल (गोलाई बिघडल्याचा फरक). ऊसतोडणीच्या हंगामाआधी ट्रॅक्टरवाले घाईत असतात. पिस्टनची वरची रिंग जिथून परत फिरते तिथली झीज काट्यावर दाखवली की त्यांनाही काम पटतं.

त्यालाही जपावं लागतं. धक्का लागून झिरो हलला तर सगळेच आकडे एकदम चुकतात, म्हणून मोजून झाल्यावर झिरो पुन्हा तपासावा. आणि भोक लहान असेल तेव्हा काटा घड्याळाच्या दिशेनं पुढे जातो. नवा पोरगा इथे हमखास गोंधळतो.

आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली दोन्ही गेजना एकच पथ्य. होनिंग झाल्या झाल्या मोजू नका. 100 मिमीचं बीड (कास्ट आयर्न) दहा अंशांनी तापलं की साधारण एक शतांश वाढतं. ब्लॉक, गेज, मायक्रोमीटर थोडा वेळ एकाच जागी राहू द्या.

ज्यांच्याकडे बुश आणि फुटकळ कामच जास्त, त्यांनी बोअर गेजवर खर्च करावाच असं मी म्हणणार नाही. सिलिंडरचं काम करायचं असेल तर मात्र मी आधी तोच घेईन. मोटरसायकली जास्त असतील तर 35 ते 60 मिमीचा, ट्रॅक्टर असतील तर 50 ते 150 चा. घेताना दुकानातच एका रिंगमध्ये चार-सहा वेळा झुलवून बघा. काटा दर वेळी त्याच रेघेवरून फिरत नसेल, तर दुसरा नग मागा.